आईच्या होकाराची किंमत

‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ हा आदित्य चोप्रा दिग्दर्शित हिंदी चित्रपट २० ऑक्टोबर १९९५ रोजी प्रदर्शित झाला. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये त्याला तीस वर्षं पूर्ण झाली. मुंबई सेंट्रलजवळच्या मराठा मंदिर चित्रपटगृहात तेव्हाही त्याचा रोजचा खेळ चालू होता. मध्ये २०१५ च्या फेब्रुवारीत, एक हजार नऊ आठवड्यांनंतर, तो काढून टाकायचं ठरलं होतं. पण लोकांची मागणी एवढी आली की लगेचच खेळ पुन्हा सुरू करावा लागला. एखादा चित्रपट इतकी वर्षं चालतो, तेव्हा त्याचं यश नुसतं गाण्यांचं आणि नटनट्यांचं नसतं. लोकांच्या मनातली एखादी खोल इच्छा त्यात पुरी होत असते. ती इच्छा कोणती आणि ती पुरी करताना बाईकडून काय काढून घेतलं जातं, हे तपासून पाहायला हवं असं वाटतं.

त्याला आणखी एक कारण आहे. १९९५ साली सोळा-अठरा वर्षांच्या ज्या मुलींनी हा चित्रपट डोळे पुसत पाहिला, त्या आज पंचेचाळिशीच्या पुढे गेल्या आहेत. त्यांच्या मुली लग्नाच्या वयाच्या झाल्या आहेत. म्हणजे तेव्हा ज्या स्वतःला सिमरनच्या जागी पाहत होत्या, त्या आज सिमरनच्या आईच्या जागी येऊन उभ्या आहेत. आणि माझ्या मते या चित्रपटातली सर्वांत महत्त्वाची व्यक्ती सिमरन नाही, राज नाही आणि बलदेवसिंगही नाही. ती आहे सिमरनची आई, लज्जो.

कथा बहुतेकींना पाठ असेल, तरी थोडक्यात सांगते. बलदेवसिंग हा मूळचा पंजाबातला, वीस-बावीस वर्षांपासून लंडनमध्ये दुकान चालवणारा माणूस. त्यानं आपल्या थोरल्या मुलीचं, सिमरनचं लग्न तिच्या लहानपणीच पंजाबातल्या मित्राच्या मुलाशी ठरवून टाकलेलं आहे. पंजाबातून पत्र येतं आणि दिलेला शब्द पाळायची वेळ येते. सिमरन ‘हो’ म्हणते, फक्त लग्नाआधी मैत्रिणींबरोबर युरोपच्या सहलीला जाण्यासाठी बापाकडे एक महिना मागते. न पाहिलेल्या माणसाबरोबर सगळं आयुष्य काढायला मी तयार आहे, त्यातला एक महिना मला माझा म्हणून द्या, असं ते मागणं असतं. सहलीत तिला राज भेटतो. दोघं प्रेमात पडतात. ती परत आल्यावर आईला सगळं सांगते, ते बापाच्या कानावर पडतं आणि तो बिऱ्हाड गुंडाळून सगळ्यांना पंजाबात घेऊन जातो. राज मागोमाग येतो, ओळख लपवून त्या घरात शिरतो, सगळ्यांची मनं जिंकतो आणि शेवटी मारहाण, रक्तपात झाल्यावर बाप स्टेशनवर मुलीचा धरलेला हात सोडतो. ती धावत जाऊन चालत्या गाडीत चढते. (पंजाबातलं म्हणून दाखवलेलं ते स्टेशन आपल्या रायगड जिल्ह्यातलं आपटा आहे.)

आता लज्जोकडे पाहू. फरीदा जलाल यांनी ही भूमिका केली आणि त्यासाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर पारितोषिकही मिळालं. चित्रपटात एका प्रसंगी लज्जो मुलीशी मोकळेपणानं बोलते. लहानपणी मला सांगितलं होतं की बाई आणि पुरुष यांच्यात फरक नसतो. मोठी झाल्यावर कळलं की ते खरं नव्हतं. भावांची शिक्षणं व्हावीत म्हणून माझं शिक्षण थांबवलं. पुढे कधी मुलगी म्हणून, कधी बहीण म्हणून, कधी सून म्हणून मी एकेक गोष्ट सोडत गेले. तू जन्मलीस तेव्हा मी मनाशी ठरवलं होतं, की माझ्या मुलीच्या वाट्याला हे येऊ द्यायचं नाही. पण असं ठरवण्याचाही हक्क बाईला नसतो, हे मी विसरले होते. एवढं बोलून ती मुलीपुढे पदर पसरते आणि राजला विसरून जा म्हणते.

स्त्रीमुक्तीच्या शिबिरात जे समजावून सांगायला आपल्याला दोन दिवस लागतात, ते या बाईनं पाच मिनिटांत सांगितलेलं आहे. मुख्य धारेतल्या हिंदी चित्रपटात आईच्या तोंडी इतकं स्पष्ट बोलणं क्वचितच येतं. सगळं कळूनही शेवटी ती मुलीला व्यवस्थेच्या हवाली करायलाच आलेली असते, हेही अगदी खरं आहे. आपल्या घराघरांत आया असंच करतात. त्यांना कळत नसतं असं नाही. कळतं, पण त्यांच्या हातात काही नसतं.

पण लज्जो तिथे थांबत नाही, आणि ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. करवा चौथच्या रात्री गच्चीवर ती राज आणि सिमरनला एकत्र पाहते. तिच्या मनातलं द्वंद्व संपतं. ती आपले दागिने आणून राजच्या पुढे ठेवते आणि म्हणते, हिला घेऊन जा, इथून निघून जा. म्हणजे आपल्या मुलीच्या बाबतीत तुटलेली प्रतिज्ञा ही बाई पुन्हा उचलून धरते. नवऱ्याचा राग, दिराजावांची बोलणी, उरलेलं आयुष्य त्याच घरात काढायचं आहे, हे सगळं माहीत असताना ती हे करते. हातात असलेली तिची स्वतःची एवढीच चीजवस्तू, तिचं स्त्रीधन, ती मुलीच्या स्वातंत्र्यासाठी काढून देते. सबंध चित्रपटातलं सर्वांत धाडसाचं कृत्य हेच आहे.

आणि नायक त्याला नकार देतो.

तो अदबीनं नकार देतो, दागिने परत करतो. सिमरनला पळवून नेणार नाही, तिचे वडील स्वतः तिचा हात माझ्या हातात देतील तेव्हाच नेईन, असं सांगतो. थिएटरात इथे टाळ्या पडतात. पण टाळ्या थांबल्यावर जरा हिशेब मांडून पाहू. सिमरन जायला तयार आहे, तसं ती राजला स्वतः सांगते. सज्ञान मुलीचा होकार आहे. तिच्या जन्मदात्या आईचा होकार आहे. दोघींचा होकार मिळूनही परवानगी होत नाही. कारण परवानगी देणारा माणूस एकच असतो आणि तो खाली झोपलेला असतो. नायकानं आईला ‘माँ’ म्हटलं, तिच्या पाया पडला, तिच्या हातचं खाल्लं, पण तिचा शब्द मानला नाही. आदर दिला आणि अधिकार नाकारला. आपल्याकडे आईला देव मानतात, ते नेमकं असंच मानतात.

चित्रपटाच्या नावातही हेच आहे. दिलवाले येणार आणि दुल्हनियेला घेऊन जाणार. एक देतो, दुसरा नेतो. जिला द्यायचं-न्यायचं तिनं काय करायचं, याला वाक्यात जागाच नाही.

याच्याविरुद्ध जे म्हटलं जातं ते मी ऐकलेलं आहे आणि ते उडवून लावण्यासारखं नाही. मुली म्हणतात, पळून जाणं सोपं असतं का? माहेर तुटतं. बाळंतपणाला जायला घर राहत नाही. नवऱ्यानं मारलं तर परत यायला दार राहत नाही. मग राजनं सगळ्यांना जिंकून, बापाच्या हातून तिला नेलं तर त्यात वाईट काय? तिला प्रेमही मिळालं आणि माहेरही राहिलं.

ही इच्छा खरी आहे आणि तिला हसायचं काही कारण नाही. ज्या समाजात बाईला स्वतःचं घर नसतं, वडिलांचं असतं, नंतर नवऱ्याचं असतं, तिथे एका घराला लाथ मारून दुसऱ्यात जाणं म्हणजे एका पायावर उभं राहणं असतं. १९८८ साली आलेल्या ‘कयामत से कयामत तक’ मधली जोडी पळून गेली आणि मेली. सात वर्षांनी आलेल्या या चित्रपटानं सांगितलं की मरायला नको, पळायलाही नको. फक्त थोडा धीर धरा, बापाचं मन वळेल. तरुण मुलींना आणि त्यांच्या आईबापांना, दोघांनाही एकाच वेळी सुखावणारा हा तोडगा होता. इतकी वर्षं चित्रपट चालतो आहे तो त्यामुळेच.

मला विचारायचं आहे ते एवढंच, की बापाचं मन वळलं नसतं तर? चित्रपटाच्या तर्कशास्त्राप्रमाणे मग राजनं परत जायचं आणि सिमरननं कुलजीतशी लग्न करायचं. कुलजीत कसा आहे ते चित्रपटानं आपल्याला दाखवलं आहे. बायकांकडे पाहण्याची त्याची नजर, लंडनला जाण्याची त्याची घाई, हातातली बंदूक. म्हणजे या माणसाच्या हाती मुलगी जाणं नायकाला चालेल, पण आईच्या परवानगीनं तिला नेणं चालणार नाही. तत्त्व म्हणून मांडलेली ही गोष्ट शेवटी एका पुरुषाच्या मनात ऐन वेळी पाझर फुटेल या भरवशावर उभी आहे.

तो पाझर सगळीकडे फुटत नाही. २००० सालच्या जूनमध्ये पंजाबात एका तरुणीचा खून झाला. ती कॅनडात जन्मलेली आणि वाढलेली, पंजाबी कुटुंबातली. गावी आलेली असताना एका रिक्षाचालकाच्या प्रेमात पडली आणि घरच्यांना न सांगता तिनं त्याच्याशी लग्न केलं. तिच्या नवऱ्याला मरणाच्या दारी सोडलं गेलं, तो वाचला. खुनाचा कट रचल्याच्या आरोपावरून तिच्या आईला आणि मामाला कॅनडानं जानेवारी २०१९ मध्ये भारताच्या ताब्यात दिलं, म्हणजे तब्बल अठरा वर्षांनी. परदेशात वाढलेली मुलगी, गावाकडची मोहरीची शेतं, घराण्याची अब्रू, सगळं तेच. फक्त शेवट वेगळा. आणि यात आरोपी म्हणून आईही होती, हे आपण विसरू नये. आईचा होकार जिथे मोजला जात नाही, तिथे तिच्यासमोर दोनच वाटा उरतात. लज्जोसारखं चोरून दागिने देणं, नाही तर घराण्याची पहारेकरीण होणं.

बलदेवसिंगाला मात्र नुसता खलनायक ठरवून चालणार नाही. सुरुवातीलाच तो ट्रॅफल्गार स्क्वेअरमध्ये कबुतरांना दाणे टाकताना दिसतो. इतकी वर्षं या शहरात राहूनही तिथे कुणी त्याला ओळखत नाही, ही त्याची खंत आहे. परक्या मुलखात दुकान चालवणाऱ्या माणसाला काय काय सोसावं लागत असेल, ते चित्रपट दाखवत नाही. त्याचं दुखणं पंजाबच्या आठवणीपुरतं ठेवतो. मग तो माणूस आपला गमावलेला देश कुठे जपतो? घरात. घरी बायको आणि मुली पाश्चात्त्य गाण्यावर नाचत असतात, तो दारात आला की गाणं बदलून जुनं हिंदी गाणं लावलं जातं. त्याचा देश म्हणजे त्याच्या घरातल्या तीन बायका. बाहेर गमावलेला मान त्याला मुलीच्या आज्ञाधारकपणातून परत मिळवायचा असतो. स्थलांतरित समाजांत परंपरा मूळ गावापेक्षाही कडक होतात त्याचं एक कारण हे आहे, आणि त्याचं ओझं मुलींच्या पाठीवर येतं.

पण त्याच लंडनमध्ये आशियाई बायका दुसरंही काही करत होत्या, त्याचा चित्रपटाला पत्ता नाही. वायव्य लंडनमधल्या ग्रनविक या फोटो धुणाऱ्या कारखान्यात १९७६ साली जयाबेन देसाई आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी संप पुकारला. तो १९७८ पर्यंत चालला. साड्या नेसलेल्या, पूर्व आफ्रिकेतून आलेल्या गुजराती बायका कारखान्याच्या दारात थंडीत उभ्या राहिल्या आणि ब्रिटनभरचे हजारो कामगार त्यांच्या पाठिंब्याला आले. १९७९ साली साउथॉल या पंजाबी वस्तीच्या उपनगरात ‘साउथॉल ब्लॅक सिस्टर्स’ ही संघटना उभी राहिली. वंशद्वेषाशी आणि आपल्याच समाजातल्या पुरुषी सत्तेशी एकाच वेळी लढायचं असं तिनं ठरवलं. मूळच्या पंजाबातल्या किरणजीत अहलुवालिया यांनी दहा वर्षांच्या छळानंतर १९८९ साली नवऱ्याला जाळलं, त्यात तो मेला. त्यांना जन्मठेप झाली. या संघटनेनं त्यांच्यासाठी मोहीम चालवली आणि १९९२ साली अपील न्यायालयानं खुनाची शिक्षा रद्द केली आणि त्याच वर्षी त्यांची सुटका झाली. म्हणजे लज्जो पडद्यावर आली त्याच्या तीन वर्षं आधी तिच्यासारख्या बायका लंडनच्या न्यायालयाबाहेर घोषणा देत होत्या. पडद्यावरच्या लंडनमध्ये मात्र शिक्षण, नोकरी, संघटना यांतलं लज्जोच्या वाट्याला काहीच नाही. स्वयंपाकघर आहे आणि मुलीची गुपितं आहेत.

अब्रूच्या प्रश्नावरही थोडं बोलायला हवं. स्वित्झर्लंडमध्ये गाडी चुकल्यामुळे राज आणि सिमरनला रात्र एका खोलीत काढावी लागते. सिमरन दारू प्यालेली असते. सकाळी ती विचारते काय झालं, तेव्हा राज आधी तिची थट्टा करतो. ती कोसळून रडायला लागते, तेव्हा तो तिला सांगतो की काहीही झालेलं नाही. मी हिंदुस्थानी आहे आणि हिंदुस्थानी मुलीची इज्जत म्हणजे काय ते मला कळतं. या प्रसंगानं राज ‘चांगला मुलगा’ ठरतो. बेशुद्ध बाईला हात न लावणं हा खरं म्हणजे किमान माणुसकीचा भाग. त्याला राष्ट्राच्या संस्कृतीचं लेबल लावलं की मुलीची इच्छा बाजूला पडते आणि तिचं कौमार्य हा दोन पुरुषांमधला, भावी जावई आणि भावी सासरा यांच्यातला, ठेव-पावतीचा व्यवहार होतो.

हे कौमार्य तपासण्याचा हक्क आपल्याला आहे असं फक्त बापांनाच वाटत होतं असंही नाही. १९७९ साली हीथ्रो विमानतळावर लग्नासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची ब्रिटिश इमिग्रेशन अधिकाऱ्यांनी कौमार्यचाचणी करवली. ती खरोखरच अविवाहित वाग्दत्त वधू आहे की नाही हे ठरवण्यासाठी! बातमी वर्तमानपत्रात आल्यावर गदारोळ झाला आणि हा प्रकार बंद करावा लागला. एका देशाची सरकारी यंत्रणा दारात आणि दुसऱ्या देशाचा बाप घरात. परदेशी गेलेल्या आपल्या मुलीबाळी अशा दोन पहाऱ्यांमधून वाट काढत आल्या आहेत.

लहानपणी बापानं दिलेला शब्द मुलीनं मोठेपणी पाळायचाच, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. मुंबईच्या रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी लावून देण्यात आलं. मोठ्या झाल्यावर त्यांनी नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. १८८४ साली नवऱ्यानं कोर्टात दावा लावला. आधी निकाल रखमाबाईंच्या बाजूनं लागला, पण अपिलानंतर खटला परत आला आणि १८८७ साली कोर्टानं हुकूम दिला की नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, मी तुरुंगात जाईन. ज्या लग्नाला मी संमती दिली नाही ते मला बांधत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. पुढच्या वर्षी तडजोड झाली, आणि १८८९ साली त्या लंडनला गेल्या, वैद्यकी शिकायला. १८९४ साली पदवी घेऊन त्या परत आल्या आणि पुढची कित्येक वर्षं त्यांनी गुजरातेत बायकांची सेवा केली. सिमरन पडद्यावर येण्याच्या शंभर वर्षं आधी एक मराठी मुलगी ‘नाही’ म्हणाली होती आणि लंडनची वाट स्वतःच्या पायांनी चालली होती. तिचा हात कुणी सोडण्याची तिनं वाट पाहिली नाही.

लग्नात मुलीचं दान करायचं नसतं, हेही इथेच सांगितलं गेलं. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षाच्या अखेरीला पहिला सत्यशोधक विवाह लागला. त्या पद्धतीत भट नाही, कन्यादान नाही. वधू आणि वर स्वतः एकमेकांना वचन देतात. दान होणारी वस्तू बोलत नसते. बोलायला लागलेली मुलगी दानाची वस्तू राहत नाही.

कुणी म्हणेल, हे सगळं कथेपुरतं, आता कायदा आहे. कायद्याकडेच पाहू. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानं मुलाचा नैसर्गिक पालक म्हणून आधी बाप आणि ‘त्याच्यानंतर’ आई असं लिहून ठेवलं. लेखिका गीता हरिहरन यांनी त्याला आव्हान दिलं. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयानं ‘त्याच्यानंतर’ याचा अर्थ फक्त बापाच्या मृत्यूनंतर असा नसून त्याच्या गैरहजेरीतही असा लावला. अर्थ लावला, पण शब्द तसेच ठेवले. आई दुसरी ती दुसरीच. दागिने परत करणारा राज आणि हा कायदा एकाच घरातले आहेत. महाराष्ट्र सरकारनं १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आईचं नाव बापाच्या नावाआधी लिहायचं ठरवलं आहे, ही चांगली गोष्ट झाली. पण नाव आधी आलं तरी शब्द शेवटीच ऐकला जात असेल, तर फार काही बदललं असं म्हणता येणार नाही.

सज्ञान मुलीच्या स्वतःच्या होकाराचं काय? केरळातल्या चोवीस वर्षांच्या एका मुलीनं धर्म बदलून आपल्या पसंतीनं लग्न केलं. २०१७ साली तिथल्या उच्च न्यायालयानं ते लग्न रद्द ठरवून तिला बापाच्या ताब्यात दिलं. चोवीस वर्षांच्या बाईचा ताबा! सर्वोच्च न्यायालयानं ८ मार्च २०१८ रोजी, योगायोगानं महिला दिनीच, तो निर्णय रद्द केला. त्याच महिन्यात ‘शक्ती वाहिनी’ या संस्थेनं दाखल केलेल्या याचिकेवर न्यायालयानं स्वच्छ सांगितलं, की दोन सज्ञान माणसांनी लग्न करायचं ठरवल्यावर कुटुंबाची, जातीची किंवा खाप पंचायतीची परवानगी लागत नाही. ब्रिटननं तर २०१४ साली जबरदस्तीचं लग्न हा फौजदारी गुन्हाच ठरवला. आजची सिमरन लंडनच्या कोर्टात जाऊन मला पंजाबात नेऊ नका असा मनाई हुकूम मागू शकते.

तरीही वारं उलट दिशेनं वाहताना दिसतं. विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ती कचेरीत लावली जाते. मुलामुलींसाठी ते तीस दिवस काय असतात, ते अशा जोडप्यांना मदत करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्तीला माहीत आहे. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र सरकारनं आंतरजातीय आणि आंतरधर्मीय लग्नांची माहिती घेण्यासाठी आणि अशा मुलींचा माहेरच्यांशी समन्वय साधण्यासाठी एक समिती नेमली. टीका झाल्यावर दोन दिवसांत आंतरजातीय हा शब्द गाळला, आंतरधर्मीय तसाच ठेवला. गुजरातेत २०२३ साली मुख्यमंत्र्यांनी प्रेमविवाहाला आईवडिलांची संमती सक्तीची करता येईल का, याचा अभ्यास करू असं सांगितलं. म्हणजे सरकारच बलदेवसिंग व्हायला निघालं आहे, आणि त्याला समाजात टाळ्या पडतात. त्या टाळ्यांना थिएटरातल्या टाळ्यांची सवय आहे. बापानं हात धरून ठेवायचा आणि योग्य वाटलं तर सोडायचा, हे आपल्याला इतकी वर्षं सर्वांत गोड गोष्ट म्हणून दाखवलेलं आहे.

हा चित्रपट पाहू नका असं मी म्हणणार नाही. उलट किशोरींच्या गटात आणि त्यांच्या आयांच्या गटात तो एकत्र बसून पाहावा. पाहून झाल्यावर काही प्रश्न विचारावेत. सिमरननं एक महिना मागितला. उरलेल्या आयुष्याचं मालक कोण होतं? पंजाबातली प्रीती, जिला राज स्वतःची वाट मोकळी करायला नादी लावतो, तिचं पुढे काय झालं असेल? करवा चौथला राजही उपाशी राहतो हे छान, पण उपास मुळात कुणी सुरू केला आणि कुणासाठी? आणि सर्वांत शेवटी, आईनं दागिने पुढे ठेवले तेव्हा तुम्ही राजच्या जागी असतात तर काय केलं असतं, हा प्रश्न मुलींना विचारावा. आयांना वेगळा प्रश्न विचारावा. तुमच्या मुलीनं उद्या असंच येऊन सांगितलं, तर ‘तुझ्या बाबांना विचारते’ याच्या पलीकडे तुम्ही काय म्हणाल?

माझ्यापुरतं उत्तर असं आहे. माहेर राखण्यासाठी मुलीला बापाच्या हात सोडण्याची वाट पाहावी लागू नये, असं वाटत असेल तर माहेर हे आईचंही असायला हवं. घराच्या कागदावर तिचं नाव हवं, हातात स्वतःचा पैसा हवा. म्हणजे दागिने चोरून द्यायची वेळ येणार नाही. मुलगी पळून जाणार नाही, दारातून जाईल आणि त्याच दारातून परत येऊ शकेल. तीस वर्षांपूर्वी थिएटरात रडलेल्या आपण सगळ्या आज त्या जागी आहोत. लज्जोला जे उघडपणे बोलता आलं नाही, ते आपण आपल्या घरात उघडपणे बोलू शकतो का? वाचक मैत्रिणींनी यावर आपापल्या गटांत चर्चा करावी आणि आपले अनुभव पुढच्या अंकासाठी जरूर लिहून पाठवावेत.